माझ्या आवाजातला हवामानाचा अंदाज

रेडिओवर मी दादा होतो आणि ताई ताई होत्या. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहाला, आम्ही दोघं भाऊबहिणीसारखे बोलत बसायचो. शेताचं, गुराढोरांचं, बाजारभावाचं, पावसापाण्याचं. ते बोलणं आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावोगाव ऐकलं जायचं आणि बऱ्याच लोकांना आम्ही सख्खे भाऊबहीणच वाटायचो. प्रत्यक्षात मी वसमतचा, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. ताई औंढ्याच्या, शाळेत शिकवायच्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. रेडिओचं केंद्र शेजारच्या जिल्ह्याच्या गावी होतं. आम्ही तिथले पगारी नोकर नव्हतो. महिन्याच्या ड्यूटी चार्टवर नाव लागलं की एसटी पकडून जायचं, बोलायचं आणि परत यायचं, एवढाच संबंध.

माझ्या पहिल्या दिवशी स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. समोर मायक्रोफोन, काचेपलीकडे ड्यूटीवरचे साहेब, आणि मी हातातल्या कागदाकडे बघत नुसता बसलेलो. ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि हसत म्हणाल्या, "काहून हो दादा, आज गप गप? वहिनीनं जेवायला घातलं न्हाई का?" मी हसलो, आणि ते हसणं तसंच रेडिओवरून गेलं. त्यानंतर मला कधी भीती वाटली नाही.

कार्यक्रम तेव्हा थेट जायचा. हवामानाचा अंदाज ड्यूटी रूममध्ये फोनवर यायचा, कुणीतरी तो चिठ्ठीवर उतरवून घ्यायचं आणि चिठ्ठी आमच्या हातात पडायची ती कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी. एकदा मार्च महिन्यात चिठ्ठीवर लिहिलं होतं, हवामान कोरडं राहील. मी ते वाचलं. ताईंनी पुढचा विषय घ्यायचा होता. त्या घेईनात. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दादा, तुमी तर आत्ता एसटीनं आलात. येताना आभाळ कसं होतं हो?"

हे कागदावर नव्हतं. मी काचेकडे पाहिलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या होत्या. पण प्रश्न विचारला गेला होता आणि ऐकणारे वाट बघत होते. मी खरं ते सांगितलं, की पुलावरून येताना उत्तरेला काळं दाटून आलेलं दिसलं, वाराही पडला होता. आणि वर म्हणालो, "अंदाज कोरडा आहे मंडळी, पण हळद उघड्यावर असेल तर ताडपत्री जवळ असू द्या."

त्या रात्री पाऊस झाला. साहेबांनी मला दुसऱ्या खेपेला बोलावून सुनावलं, की चिठ्ठीबाहेरचं बोलायचं नाही. मग आठवडाभरानं पत्रं आली. हळदवाल्यांची, ज्यांनी ताडपत्री टाकली होती त्यांची. साहेबांनी ती सगळी वाचली आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. तेव्हापासून अंदाज वाचून झाला की ताई विचारायच्या आणि मी सांगायचो. आभाळ स्वच्छ असलं तरी ताडपत्रीचं वाक्य मी कधी सोडलं नाही.

रेकॉर्डिंगला आम्ही गावात जायचो. खांद्याला लटकवायचा टेपरेकॉर्डर भरल्या कळशीएवढा जड होता आणि तो ओढायचं काम माझं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली एक गाव आहे, तिथं एका हळदवाल्या शेतकऱ्याची मुलाखत घ्यायला गेलो. माणूस चाळिशीतला, उंच, अंगानं काटक. हळद शिजवावी तर त्यानंच, असं आजूबाजूचे लोक म्हणायचे. पण मायक्रोफोन पुढे केला की त्याचा घसा कोरडा पडे. चारदा टेप मागे घेतली. शेवटी ताई खाली बसल्या, त्याच्या बायकोच्या शेजारी, आणि म्हणाल्या, "भाऊ, रेडिओ गेला खड्ड्यात. मला सांगा, मी घरी हळद शिजवायची म्हणलं तर पाणी किती घालू?"

तो वीस मिनिटं बोलला. कढईतल्या फेसाचा वास कसा बदलतो, काडी टोचली की हळकुंडात कशी शिरली पाहिजे, वाळवताना थर किती जाड असावा, सगळं. केंद्रावर येऊन मी ती टेप ब्लेडनं कापली, तुकडे चिकटपट्टीनं जोडले आणि सात मिनिटांची केली. त्याच्या बायकोच्या बांगड्यांचा आवाज मधे मधे येत होता. साहेब म्हणाले तो काढा. ताई म्हणाल्या राहू द्या. राहिला.

तो माणूस त्यानंतर आम्हाला पोस्टकार्ड लिहायला लागला. महिन्यातून दोन तर नक्की. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला दादा म्हणायचा, वयानं मोठा असून. पत्राची सुरुवात ठरलेली असायची, ताईचं अन् तुमचं बरं हाय ना. मग रानातलं काहीबाही. मग कालच्या कार्यक्रमात आमचं काय चुकलं ते. एकदा त्यानं लिहिलं, की ताईला सर्दी झालीय, तिला आल्याचा काढा द्या. ताईंना खरंच सर्दी होती. त्यांच्या घरच्यांच्याही लक्षात आली नसेल एवढी बारीक सर्दी त्याला पन्नासेक किलोमीटरवरून ऐकू आली होती.

मग केंद्रावर कॉम्प्युटर आला.

पहिल्यांदा आम्हाला आनंदच झाला. टेप कापायची नाही, जोडायची नाही, पडद्यावर आवाजाची नक्षी दिसते, चुकलं तर तेवढंच खोडून पुन्हा म्हणायचं. मी ते चटकन शिकलो. ताईंना वेळ लागला, पण त्याही शिकल्या. पण चुका खोडता यायला लागल्या तशी थेट बोलायची गरज उरली नाही. जुने साहेब बदलून गेले होते. नवे साहेब हुशार आणि सज्जन, पण त्यांना फायली भरलेल्या आवडायच्या. ते म्हणाले, आठवड्याचे तिन्ही कार्यक्रम एकाच दिवशी करून टाका, मशीन वेळेवर आपोआप लावेल, तुमच्या एसटीच्या खेपाही वाचतील.

ताई म्हणाल्या, "साहेब, मग आभाळाचं काय सांगायचं? पुढच्या शुक्रवारचं आभाळ मी आज कुठून बघू?"

"जनरल सांगा ना मॅडम," साहेब म्हणाले. "हवामान पाहून योग्य ती काळजी घ्यावी."

आम्ही तसं सांगायला लागलो. ताईंनी आभाळाचा प्रश्न विचारणं बंद केलं. विचारून तरी मी काय सांगणार होतो? ताडपत्रीचं वाक्यही त्याच दिवसांत कधीतरी सुटलं. ते नेमकं कधी सुटलं हे मला आठवत नाही आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्याबद्दल मामांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. लिहिलं होतं, "दादा, तुमी दोघं आता आमच्याशी न्हाई, एकमेकाशीच बोलून राहिला." मी ते ताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं असं वाटतं, पण त्याला काही वर्षं लागली. मोठ्या केंद्रावरचे कार्यक्रम आमच्या केंद्रावरून जसेच्या तसे सहक्षेपित व्हायला लागले. तिथल्या शहरातली माणसं गोड आवाजात बोलायची आणि त्यांच्या बोलण्यातलं पीक आमच्या रानातलं नसायचं. आमचे तीन दिवस दोन झाले, दोनाचा एक. गावाबाहेरच्या माळावर मध्यम लहरींचा जुना ट्रान्समीटर होता, त्याचे भाग मिळेनात, मग तो बंद झाला. एफएम आलं. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण सेनगावच्या अलीकडेच विरून जाणारा. औंढ्याच्या डोंगराआड तर काहीच पोहोचेना. म्हणजे ताईंच्या स्वतःच्या घरात ताई ऐकू येईनाशा झाल्या.

आणि एका महिन्यात चार्टवर त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या महिन्यातही नव्हतं. पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आता नवीन लोकांनाही संधी द्यायला हवी ना." नवीन लोकही पुढे कुणी आले नाहीत. चार महिन्यांनी माझंही नाव लागलं नाही. मी तरी दर महिन्याच्या शेवटी केंद्रावर फोन करून विचारायचो, अगदी सहज विचारल्यासारखं. मग तेही सोडलं.

लोकांना वाटेल, एवढं काय त्यात. नोकरी शाबूत होती, घर होतं, दोन्ही मुली शिकून मार्गी लागल्या होत्या. पण साडेसहा वाजले की मी हातातलं काम टाकून उठायचो. घसा साफ करायचो. बायको म्हणायची, बाहेर फिरून या. मी मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, चालत जायचो. तिथं कुणी आवाज ओळखून "दादाच ना तुमी?" म्हणालं की तो दिवस बरा जायचा. पुढे पुढे तसं म्हणणारेही कमी झाले.

अशा वेळी तो फोन आला. एक तरुण इंजिनिअर होता, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतला. म्हणाला, "सर, आम्ही शेतकऱ्यांसाठी मोबाइलवरचा रेडिओ काढतोय. चोवीस तास चालणारा. प्रत्येक तालुक्याला वेगळा. तुमच्या भागात आम्ही लोकांना विचारलं, कुणाचा आवाज ऐकायला आवडेल, तर सगळे म्हणाले, दादाचा."

सगळे म्हणाले, दादाचा. हे वाक्य मी बायकोला तीनदा सांगितलं.

मी औंढ्याला जाऊन ताईंना सांगितलं. त्यांनाही त्या इंजिनिअरचा फोन आला होता आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. मी विचारलं, काहून?

"मी त्याला विचारलं, रोज यायचं का बोलायला," ताई म्हणाल्या. "तर म्हणतो, न्हाई मॅडम, एकदाच या, पुढचं मशीन बोलंल. मग मला कशाला बोलावून राहिला तू, मी म्हणलं."

"ताई, नाहीतरी आपण कुठं आहोत आता?" मी म्हणालो. "निदान आवाज तरी राहील."

 ताई म्हणाल्या, "तुला लईच आठवण येते ना रे स्टुडिओची?" रेडिओबाहेर त्या मला एकेरीत बोलायच्या. मी मान हलवली. त्यांनी मला अडवलं नाही.

नांदेडला एका इमारतीत, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत मी तीन दिवस वाक्यं वाचली. शेकडो वाक्यं. सगळ्या तालुक्यांची नावं, आकडे, महिने, पिकं, किडींची नावं. आनंदानं वाचा, काळजीनं वाचा, हसून वाचा. शेवटच्या दिवशी मी त्या इंजिनिअरला म्हणालो, "ताडपत्री जवळ असू द्या, हे एक वाक्य घेऊ या का? आम्ही नेहमी म्हणायचो."

तो गोड हसला. "सर, लागलं तर मशीन बनवेल की. तुम्ही आता काहीही न बोलता सगळं बोलू शकता."

मी इंग्रजीतल्या करारावर सही केली. वाचला नाही. उलट त्या संध्याकाळी नांदेडच्या स्टँडवर उभा असताना मला इतकं हलकं वाटत होतं, की शेजारच्या अनोळखी माणसाला मी उगाच विचारलं, कुठं निघालात, पाऊसपाणी कसं आहे तुमच्याकडं.

दोन-तीन महिन्यांत तो रेडिओ सुरू झाला. मी मोबाइलवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा स्वयंपाकघरात बायकोजवळ बसलो होतो. "नमस्कार मंडळी, मी तुमचा दादा." आवाज माझा. लकब माझी. मी कधीही न म्हटलेली वाक्यं माझ्या तोंडून एकामागून एक येत होती आणि एकही अडखळत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. ती कणीक मळायची थांबली होती.

"हे तुमी न्हाई," ती म्हणाली.

"अगं, मीच की."

"तुमी मधे दम घेता. ह्याला दमच लागत न्हाई."

मला तिचा राग आला. मोंढ्यात आता पुन्हा माणसं मला ओळखायला लागली होती. "दादा, सकाळी ऐकलं तुम्हाला," असं कुणी ना कुणी रोज म्हणायचं. मी म्हणायचो, "हो का, कसं झालं?" मशीनचं श्रेय मी घेत होतो. दोन वर्षं घेतलं. हे लिहितानाही लाज वाटते.

मागच्या मार्चमध्ये सकाळी मामांचा फोन आला. मधे बऱ्याच वर्षांत आमचं बोलणं झालं नव्हतं. ते आता सत्तरीच्या घरात आहेत, बायको वारली आहे, मुलगा-सून शेत बघतात.

"दादा," ते म्हणाले, "काल रातच्याला पाऊस लई झाला हो. हळद समदी भिजली."

मी म्हणालो, अरेरे, झाकली नव्हती का?

 मग ते म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हाई का? आठ दिस आभाळ कोरडं ऱ्हाईल म्हणून. पोरगं म्हणत होतं ताडपत्री आणतो. मी म्हणलं, थांब, दादानं सांगितलंय."

  मामांना वाटलं मला ऐकू गेलं नाही, त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. मी म्हणालो, "मामा, मी येतो."

ऑफिसात रजा टाकली आणि एसटी धरली. पुढे फाट्यावरून जीपनं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी साचलेलं होतं. मामांच्या खळ्यावर हळद पसरलेली होती आणि मुलगा आणि सून खराट्यानं पाणी लोटत होते. शिजवलेली हळद भिजली की तिचा रंग जातो, दोन दिवसांत बुरशी धरते. खळ्याच्या कडेनं पिवळं पाणी वाहून रस्त्यापर्यंत गेलं होतं. मुलानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खराटा हातात घेतला.  त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांनी मला बाजेवर बसवलं, सुनेला चहा टाकायला लावला. मीच बोलायला सुरुवात करणार, तर तेच माझा हात धरून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. चुकतो एखांद्या टायमाला. तुमी बी माणूसच की."

ते मला माफ करत होते. मी गप्प राहिलो असतो तर तिथंच संपलं असतं. त्यांनी मला माफ केलं असतं, मी चहा पिऊन घरी आलो असतो. पण मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. नांदेडची खोली, तीन दिवस, कागदावरची सही. की तो दादा मी नाही. ते मशीन आहे. त्याला जो अंदाज मिळतो तो ते माझ्या आवाजात म्हणून टाकतं. आभाळाकडे कुणी बघत नाही.

मामा ऐकत राहिले. मला वाटलं, त्यांना पटत नाही. मी मोबाइल काढून दाखवायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"म्हंजे ते मी पाठवत होतो," ते म्हणाले, "ते कुठं जात होतं?"

मला कळेना. मग सून दारातून म्हणाली, "मामंजी रोज आवाज भरून पाठवत होते तुमाला. त्या मोबाइलच्या रेडिओमधी. मीच शिकवलं त्यांना बटन कसं दाबायचं."

पोस्टकार्डं बंद झाली होती, पण मामांचं लिहिणं बंद झालं नव्हतं. दोन वर्षं, रोज सकाळी, ते त्या रेडिओशी बोलत होते. ताईची तब्येत विचारत होते. बायको गेली ते त्यांनी मला सांगितलं होतं, असं त्यांना वाटत होतं. आणि दर वेळी माझ्या आवाजात उत्तर येत होतं: "मामा, तुमचा निरोप मिळाला. मनापासून आभार. असंच बोलत राहा." त्यांनी पहिल्याच दिवशी आपलं नाव मामा असं सांगितलं असणार. मशीननं ते लक्षात ठेवलं होतं.

"तिच्या दहाव्याला तुमी म्हणला, मनापासून आभार," मामा म्हणाले. "मला जरा कसंतरीच वाटलं. मग मी म्हणलं, घाईत असंल दादा."

 मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, संकोचानं, जसे परक्या माणसानं हात लावला की आपण घेतो.

ते उठले आणि खळ्यावर गेले. मुलाच्या हातातून खराटा घेतला.  मी म्हणालो, मदत करू का. सून म्हणाली, "न्हाई दादा, तुमी निघा, पुढं जीप मिळायची न्हाई." चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर मी कंपनीला फोन लावला. तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्या एका मुलीनं फोन घेतला, फार नम्रपणे बोलली. म्हणाली, अंदाज बाहेरच्या एका संस्थेकडून येतो, आम्ही फक्त वाचून दाखवतो. त्या दिवशी तालुका चुकीचा जोडला गेला असावा. तक्रार नोंदवते. मी म्हणालो, मला माझा आवाज काढून घ्यायचा आहे. ती म्हणाली, करार बघून कळवते. चार दिवसांनी मेल आला. माझ्या थोरल्या मुलीनं तो फोनवर वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही तो कायमचा दिलाय." मी विचारलं, कायमचा म्हणजे? "म्हणजे तुमच्या नंतरही."

मी केंद्रावरही गेलो. काय वाटून गेलो, सांगता येत नाही. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, थेट बोलू द्या. मंडळी, तो मी नाही, एवढंच सांगतो. आत्ताचे साहेब मला ओळखत होते. त्यांनी चहा मागवला. स्टुडिओचं दार उघडून दाखवलं. आत खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि टेबलावर एसीचं पाणी टपकून डाग पडला होता. "इथून आता थेट काही जात नाही," ते म्हणाले. "सगळं वरून येतं, आपण पुढं सोडतो. मीही दिवसभर एका कॉम्प्युटरवर लक्ष ठेवतो, बस्स." मग म्हणाले, "आणि तुम्ही बोललात तरी तिकडं ऐकू कुणाला जाणार?" यात त्यांचा काही दोष नव्हता. सिद्धेश्वरच्या त्या गावापर्यंत हे केंद्र आता पोहोचतच नाही.

परतताना मी ताईंकडे उतरलो. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, मी सांगितलं होतं ना. त्या तसं म्हणाल्या नाहीत.  आत जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात मामांची जुनी पोस्टकार्डं होती, पर्समधून घरी नेलेली, दोन रबरबँडांत बांधलेली. "हे त्यांना नेऊन दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरात असू देत. आपल्यापाशी ठेवायचा आपल्याला काय हक्क आहे?"

मी ती नेली नाही. दोनदा औंढ्याच्या पुढे जायचं ठरवलं आणि दोनदा परत फिरलो. मामांनी मोबाइलमधला तो रेडिओ काढून टाकला, हे मला त्यांच्या गावच्या एका माणसाकडून कळलं. भिजलेली हळद त्यांनी मिळेल त्या भावात घालवली. आता ते कुणाशी फारसं बोलत नाहीत, असं तो माणूस म्हणाला. मी फोन केला होता. सुनेनं घेतला आणि म्हणाली, झोपलेत. सकाळचे दहा वाजले होते.

मोंढ्यात मी अजून जातो. परवा एक सोयाबीनवाला भेटला, कुरुंद्याकडचा. तोंडओळखीचा. म्हणाला, "दादा, उद्या फवारणी करू का थांबू?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तो हसला. "असं काय करता? सकाळी तर तुमीच सांगितलं, करा म्हणून."

मी त्याला म्हणालो, तो मी नाही, ते मशीन आहे, त्याचं ऐकू नका. त्याला वाटलं मी गंमत करतोय. त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली, शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "दादा लई मजेशीर माणूस," आणि फटफटीला किक मारून रानाकडे निघून गेला.